जिन्याची फरशी आणि लेकीची नोकरी

प्रश्न : माझी मुलगी सिव्हिल डिप्लोमा करून पुण्यात एका ड्रॉइंगच्या ऑफिसात लागली. सहा महिने झाले, रेव्हिटमध्ये (कॉम्प्युटरवर इमारतीचं थ्रीडी मॉडेल करायचं सॉफ्टवेअर) जिन्यांना फरशी लावायचंच काम तिच्याकडे आहे. ‘शिकून पायऱ्याच काढायच्या का?’ असं तिचे वडील म्हणतात. हे सोडून तिनं जेईच्या (सरकारी कनिष्ठ अभियंता) परीक्षेची तयारी करावी का? – एक आई, कोल्हापूर

उत्तर : ताई, एवढ्यात सोडू देऊ नका. आधी तिला विचारा, की सगळ्या पायऱ्या सारख्या ओतल्या तरी पहिली आणि शेवटची वेगळी का लागते?

मजल्याची उंची 3000 मिमी, रायझर (पायरीची उभी बाजू) 20, म्हणजे काँक्रीटमध्ये प्रत्येक रायझर 150 चा. मग खोल्यांमध्ये माल (सिमेंट-वाळूचा थर) आणि टाइल मिळून 50 मिमी चढतात, पायरीवर माल आणि ग्रॅनाइट मिळून 38. दोन्हींत 12 चा फरक, म्हणून आता खालचा रायझर 138 चा उरतो, सगळ्यात वरचा 162 चा होतो. पायाला एकदा उंचीची सवय लागली की माणूस खाली बघत नाही, म्हणून नेमका तिथेच अडखळतो. शिवाय निवासी सोडून इतर इमारत असेल, तर राष्ट्रीय इमारत संहितेची (2016) 150 ची मर्यादाही मोडली. उपाय ओतकामाआधीच करायचा असतो : काँक्रीटमध्ये खालचा रायझर 162 आणि वरचा 138 धरायचा. मी सुरुवातीला साइटवर होतो. जिना ओतून झाल्यावर ही चूक सापडली, की मिस्त्री माल जाड करून कशीबशी निभावून नेतो. मॉडेलमध्ये ती वेळेवर दिसते, पण कॉम्प्युटरसमोर बसलेल्या माणसाला दिसली तर.

ट्रेडची (पाय ठेवायच्या आडव्या भागाची) जाडी, नोझिंग (ट्रेडची पुढे आलेली कड) हे आकडे रेव्हिटच्या रकान्यांत कुणीही भरेल. लँडिंगला फरशी कुठे थांबते, रायझरची पट्टी ट्रेडच्या खाली जाते की मागे, स्कर्टिंग (भिंतीच्या पायाशी लावलेली पट्टी) पायऱ्यांबरोबर कशी चढते, हे फरशीवाल्यापाशी उभं राहूनच कळतं. तिला महिन्यातून एकदा तरी साइटवर पाठवा म्हणून ऑफिसात विनंती करू द्या. मॉडेलमधून काढलेलं ग्रॅनाइटचं क्षेत्रफळ प्रत्यक्ष बिलाशी ताडून बघू द्या.

आणखी सहा महिन्यांनी तिनं दुसरं काम मागावं : टॉयलेट, रेलिंग, दर्शनी भाग. नाहीच दिलं, तर मात्र ऑफिस बदलावं. जेईची परीक्षा सरकारी खात्यातलं काम मनापासून हवं असेल तरच. कंटाळ्यावरचा उतारा म्हणून नको. पदवी हवी असेल तर डिप्लोमावर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची वाट आहेच.

वडिलांनाही घरच्या जिन्याला टेप लावायला सांगा. पहिली, मधली, शेवटची पायरी मोजावी, आणि मग लेकीला फोन करावा.