‘आपल्याकडं काय आहे चोरायला?’

प्रश्न : आमचे मालक जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. मागच्या वर्षी लातूरला त्यांची अँजिओप्लास्टी झाली, आरोग्य विम्याचा क्लेम मिळाला. आता त्याच विमा कंपनीकडून लाखो ग्राहकांची माहिती फुटल्याची बातमी आली आणि आठवडाभरात एका बाईचा फोन आला. ‘सरांची तब्येत आता कशी आहे?’ इथूनच तिनं सुरुवात केली. पॉलिसी नंबर, क्लेमची रक्कम, डॉक्टरांचं नाव, वारसदार म्हणून माझं नाव, सगळं बरोबर सांगितलं. ‘राहिलेली रक्कम जमा करायची आहे, ओटीपी सांगा,’ म्हणाली. सूनबाईनं फोन काढून घेतला म्हणून वाचलो. भिशीच्या ग्रुपवर सांगितलं तर पहिल्या दिवशी सगळ्याजणी तावातावानं बोलल्या, दुसऱ्या दिवशी ‘कुणाची माहिती फुटली नाही ते सांगा’ असं सुरू झालं, तिसऱ्या दिवशी सोयाबीनचा भाव. मालक म्हणतात, आपल्याकडं काय आहे चोरायला, सोडून दे. कंपनीचं साधं पत्रही नाही. आमच्यासारख्यांनी ओरडून काही होतं का?
— एक वाचक भगिनी, अंबाजोगाई

उत्तर : ताई, होतं. आणि सोडून देऊ नका.

आधी सरांच्या वाक्याबद्दल बोलते, कारण माझी सगळी नोकरी ग्रामीण बँकेच्या काउंटरवर झाली आणि हे वाक्य मी परभणी जिल्ह्यातल्या शाखांमध्ये सतत ऐकलं. ज्यांच्याकडं खरंच फार नाही त्यांच्याच तोंडी ते असतं, आणि फसवणारा नेमका त्यांच्याच मागं लागतो. पेन्शन एक तारखेला जमा होते, पीकविम्याचे पैसे कधी पडतात, अनुदान कुठल्या खात्यात येतं, एवढं कळलं की त्याला कोटींची इस्टेट लागत नाही. एक आजी निराधार योजनेचे पैसे काढायला यायच्या. पासबुक भरून दिलं की बोट ठेवून एकेक ओळ वाचायला लावायच्या. एकदा मधली एक ओळ ऐकून त्या म्हणाल्या, ‘ही मी काढलेली न्हाई माय.’ आधारच्या अंगठ्यावर कुणीतरी पैसे काढले होते. रक्कम छोटीच होती, पण त्यांचा तो महिनाभराचा किराणा होता. त्यांच्याकडं काय होतं चोरायला?

म्हैस चोरीला गेली तर सकाळी दावं रिकामं दिसतं. माहिती चोरीला गेली तर ती तुमच्याजवळही राहते, म्हणून गेल्यासारखं वाटतच नाही. तुमच्या ग्रुपवर तिसऱ्या दिवशी भाव सुरू झाले ते यामुळंच. त्या बायकांना दोष देऊ नका, पण त्यांच्यासोबत गप्पही होऊ नका.

ओरडून काय होतं, याचं एक ठळक उदाहरण देते. अमेरिकेत इक्विफॅक्स नावाची कंपनी लोकांच्या कर्जफेडीची नोंद ठेवते. २०१७ मध्ये तिच्याकडून सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती चोरीला गेली : नाव, जन्मतारीख, पत्ता आणि त्यांच्याकडचा सामाजिक सुरक्षा क्रमांक. ज्या सॉफ्टवेअरच्या भोकातून चोर शिरले, ते बुजवायचा उपाय मार्चमध्येच उपलब्ध झाला होता. कंपनीनं तो सगळीकडं लावला नाही. चोरी लक्षात आली २९ जुलैला, लोकांना सांगितलं ७ सप्टेंबरला. यातल्या बहुतेकांनी आपणहून त्या कंपनीला काही दिलेलंच नव्हतं. बँकांनी परस्पर दिलेली माहिती होती ती.

मग लोक खवळले. आपल्या नावावर कुणी कर्ज काढत नाही ना, यावर मोफत देखरेखीची सेवा कंपनीनं देऊ केली, पण तिच्या अटींमध्ये ‘कोर्टात जाणार नाही’ अशा अर्थाचं कलम होतं. त्यावर एवढा गदारोळ झाला की कंपनीला मागं यावं लागलं. महिन्याच्या आत मुख्य अधिकारी पायउतार झाला. आणि माझ्या मते सगळ्यांत मोठी गोष्ट पुढच्या वर्षी झाली. आपल्या नावावर परस्पर कर्ज निघू नये म्हणून ती नोंद गोठवायला तिथं बऱ्याच राज्यांत पैसे मोजावे लागायचे. २१ सप्टेंबर २०१८ पासून देशभर ते कायद्यानं फुकट झालं.

भरपाईचं काय झालं, तेही ऐका. २०१९ मध्ये किमान ५७.५ कोटी डॉलरची तडजोड झाली. ज्यांच्याकडं आधीपासून देखरेखीची सेवा होती त्यांना १२५ डॉलर रोख मागता येत होते, पण त्यासाठी ठेवले होते फक्त ३.१ कोटी डॉलर. अर्जांचा असा पूर आला की सरकारी आयोगालाच सांगावं लागलं, रोख फारच थोडी मिळेल, त्यापेक्षा सेवाच घ्या. म्हणजे माणशी पैसा हाती लागला नाही म्हणावं तसा, पण नियम बदलला आणि तो टिकला. मला त्यातलं नियमाचंच मोल जास्त वाटतं.

आता आपल्याकडचं. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. माहिती फुटली तर कंपनीनं विलंब न लावता प्रत्येक बाधित ग्राहकाला कळवायचं, काय गेलं आणि त्यानं काय काळजी घ्यावी हे साध्या भाषेत सांगायचं, असं त्यात आहे. सुरक्षेत कसूर केली तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. पण ही मुख्य कलमं लागू व्हायला नियमांनंतर अठरा महिन्यांची मुदत दिली आहे. आणि दंड जाणार सरकारी तिजोरीत. तुमच्या हाती त्यातला रुपया येणार नाही. हे मला पटत नाही, मी ते स्पष्ट लिहिते. ज्याची माहिती गेली त्याला भरपाई मागायची वाट जुन्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३-अ मध्ये आहे, त्यात आजारपणाची माहिती संवेदनशील धरली जाते, आणि नवा कायदा पूर्ण लागू होताना नेमकं तेच कलम जाणार आहे. तोवर राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांकडं दाद मागता येते. वकील लागेल, पुरावा लागेल, एकटीनं जड जाईल. पण तुमच्या गावात त्याच कंपनीचे आणखी पॉलिसीधारक असतीलच. शिक्षकांची संघटना आहे, तिथं सरांनी हा विषय काढावा.

तुम्ही या आठवड्यात एक काम करा. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल आणि रजिस्टर्ड पोस्टानं पत्र पाठवा. त्यात तीनच गोष्टी विचारा : माझी कोणती माहिती गेली, तुम्हाला कधी कळलं, तुम्ही काय केलं. फोन कधी आला, कुठल्या नंबरवरून आला, ती बाई काय काय बोलली हे तारखेसह लिहा. पोच पावती जपून ठेवा. पंधरवड्यात उत्तर आलं नाही तर विमा नियामकाच्या ‘बिमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ या नंबरवर तक्रार नोंदवा. भिशीतल्या ज्या ज्या बाईची पॉलिसी आहे तिलाही हेच पत्र आपल्या नावानं लिहायला लावा. एका पत्राला कारकून ठरावीक छापील उत्तर पाठवतो. एकाच गावातून वीस पत्रं गेली की ती वरच्या टेबलावर जातात. मी टेबलाच्या आतल्या बाजूला बसलेली आहे, त्यामुळं हे खात्रीनं सांगते.

आणि घरात एवढं ठरवून टाका, की समोरच्याला आपल्याबद्दल कितीही खरं माहीत असलं तरी तो आपला माणूस ठरत नाही. फोन ठेवायचा आणि पॉलिसीवर छापलेल्या नंबरवर आपण स्वतः करायचा. सरांचा आणि तुमचा आधारचा अंगठा आधारच्या अ‍ॅपवरून लॉक करून ठेवा, लागेल तेव्हा उघडता येतो. आपल्या नावावर भलतंच कर्ज निघालं नाही ना, हे पाहायला पतअहवाल, म्हणजे आपल्या कर्जांची नोंद, ती ठेवणाऱ्या प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा मोफत मिळतो. सिबिल त्यातली एक, आणि ती इक्विफॅक्सही आपल्याकडं आहे.

प्रश्न : समजा, पैसे गेलेच तर? बँक म्हणते, तुमची चूक.
— एक किराणा दुकानदार, सेलू

उत्तर : आधी सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या सरकारी नंबरवर फोन, लगेच, अगदी रात्रीसुद्धा. मग बँकेला लेखी कळवा. रिझर्व्ह बँकेनं ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात घालून दिलेल्या नियमानुसार चूक ना तुमची ना बँकेची, तिसरीकडूनच काही फुटलं, आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर तुमच्यावर शून्य भार. ओटीपी तुम्हीच सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. आणि चूक ग्राहकाची आहे हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेची आहे, तुमची नाही. काउंटरवर कुणी तोंडी ‘तुमची चूक’ म्हटलं तर ‘हे लिहून द्या’ म्हणा.

प्रश्न : ई-सेवा केंद्रात आणि झेरॉक्सच्या दुकानात आधारच्या प्रती पडून असतात. काय करावं?
— एक वाचक, जिंतूर

उत्तर : चालत असेल तिथं मास्क केलेलं आधार द्या, त्यात शेवटचे चारच अंक दिसतात. ते आधारच्या संकेतस्थळावरून उतरवता येतं. साधी प्रत द्यावीच लागली तर तिच्यावर आडवी रेघ मारून कशासाठी दिली आणि कधी दिली ते लिहा, सही करा. बिघडलेली झेरॉक्स दुकानातल्या टोपलीत टाकू नका, घरी आणून फाडा. केंद्रवाल्यानं तुमचं आधार त्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर मागवलं असेल तर काम झाल्यावर ते त्याच्या फोनमधून तुमच्यासमोर काढायला लावा, आणि गॅलरीतूनही.