ब्रेक ऑइल घरी बदलायचंय? आधी पेडलखाली लाकूड ठेवा

प्रश्न : चिपळूणला असतो, १९९८ ची मारुती ८०० आहे. कुंभार्ली घाट उतरताना शेवटी शेवटी पेडल मऊ पडतं, थांबून गाडी गार झाली की परत ठीक. डबीतलं ब्रेक ऑइल काळपट झालंय, कधी बदललं तेही आठवत नाही. घरी बदलू का?

उत्तर : बदला की, पण आधी चाकांच्या आतल्या बाजूला आणि मास्टर सिलेंडरखाली (डबीखालचा, पेडलचा दाब ऑइलवर देणारा भाग) ओल आहे का बघा, गळत असेल तर सरळ गॅरेज गाठा. नसेल तर संशय पाण्यावरच. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं आणि कोकणात त्याला काय तोटा! नवं डॉट ३ (ही ब्रेक ऑइलची प्रत) निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरलं की तोच आकडा १४० च्या आसपास येतो, घाटात ब्रेक सतत दाबलेला असला की आत वाफ धरते आणि पेडल खाली जातं. (उतरताना गिअर खालचा ठेवता ना?)

सीलबंद डॉट ३ किंवा ४ आणा, डॉट ५ नको, ते सिलिकॉनचं असतं. डबीतलं जुनं सिरिंजने ओढून नवं भरा. गाडी स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर नाही. निपलला (चाकामागचा, ऑइल बाहेर काढायचा छोटा स्क्रू) आदल्या दिवशीच गंज सोडवणारा स्प्रे मारा आणि रिंग पानाच लावा, साध्या पान्याने कडा गोल होतात नाहीतर निपलच तुटतो. पारदर्शक नळीचं एक टोक निपलवर चढवा, दुसरं बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवून ठेवा. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल सैल करायचा, परत कसायचा आणि मगच पेडल सोडायचं. स्वच्छ ऑइल येऊन बुडबुडे थांबेपर्यंत हेच. साधारणपणे मास्टर सिलेंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करतात, तरी मॅन्युअल बघा. मध्येमध्ये डबी भरत राहा, रिकामी झाली की हवा आत आणि सगळं पहिल्यापासून.

आता लाकडाचं. जुन्या गाडीत पेडल कधीच तळापर्यंत जात नाही, त्यामुळे मास्टर सिलेंडरचा तेवढा भाग न वापरलेला, आतून गंजलेला असतो, ब्लीडिंग करताना, म्हणजे असं ऑइल काढताना, पेडल खाली आपटलं की रबरी सील त्या गंजावर घासून फाटतात. मग लोक म्हणतात, ऑइल बदललं आणि ब्रेकच गेला! म्हणून पेडलखाली लाकडाचा ठोकळा.

रंगावर थेंब पडला तर पुसत बसू नका, लगेच पाणी ओता, नाहीतर रंग सुटतो.