रापणीपासून सुरू कर

तुझा 'माझा गाव' निबंध वाचला. 'निसर्गाच्या कुशीत वसलेला' आधी काढ बघू. वर्गातल्या निम्म्या वह्यांत तेच असणार. रापणीपासून, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून होणाऱ्या मासेमारीपासून सुरू कर. दोन्ही टोकांचे दोर ओढत माणसं एकमेकांजवळ सरकतात, जाळं आवळत येतं, वाळूवर बांगडे तडफडतात. एवढाच एक परिच्छेद. त्यात मध्येच हापूस, दशावतार कोंबू नकोस. सिंधुदुर्ग किल्ला हवाच असेल तर वेगळा परिच्छेद कर आणि पहिल्याच वाक्यात सांग: १६६४ मध्ये कुरटे बेटावर बांधकाम सुरू झालं. किनारा सोडून बेटच का, ते पुढे लिही. मी सगळं एकाच परिच्छेदात ओतायचो. बाईंनी लाल शाईने विचारलं होतं, 'श्वास कुठे घेऊ?' शेवटी 'अशा प्रकारे' नको. मासळीचे वाटे पडले की थांब.