पक्षाघातात भूल देऊन गुठळी काढताना उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड सतत का मोजतात?

आपल्या वडिलांच्या मेंदूतील गुठळी ठाण्यातील रुग्णालयात पूर्ण भूल देऊन काढण्यात आली आणि त्या वेळी भूलतज्ज्ञांनी उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइडवर सतत लक्ष ठेवले. त्याचे कारण आपण विचारले आहे.

मेंदूतील रक्तवाहिन्या या वायूला अत्यंत संवेदनशील असतात. रक्तातील त्याचा दाब पाऱ्याच्या १ मिलिमीटरने बदलला, तरी निरोगी मेंदूचा रक्तप्रवाह साधारण ३ ते ४ टक्क्यांनी बदलतो. व्हेंटिलेटरने गरजेपेक्षा जलद किंवा खोल श्वास दिले गेले, तर हा वायू जास्त बाहेर पडतो, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि गुठळीपलीकडचा जो भाग केवळ शेजारच्या वाहिन्यांतून येणाऱ्या अपुऱ्या रक्तावर तग धरून असतो, त्याचाच पुरवठा आणखी घटतो. वाचवायचा असतो तो नेमका हाच भाग, म्हणून हा आकडा मला रक्तदाबाइतकाच महत्त्वाचा वाटतो. वायू फार साचू देणेही हितावह नाही. सामान्यतः ३५ ते ४५ मिलिमीटरची पातळी राखतात.

मात्र पडद्यावर दिसणारा उच्छ्वासातील वायूचा आकडा धमनीतील त्याच्या दाबापेक्षा साधारण २ ते ५ मिलिमीटरने कमी असतो आणि फुप्फुसांचा जुना आजार असल्यास हे अंतर बरेच वाढते, तेव्हा धमनीतील रक्त तपासून खात्री करावी लागते. त्या तपासणीसाठी गुठळी काढणे खोळंबू नये, कारण घोडबंदर रस्त्यावरील कोंडीत रुग्णवाहिकेचा मोलाचा वेळ अनेकदा आधीच गेलेला असतो. आकडा अचानक कोसळला, तर श्वासनलिकेतील नळी निसटली आहे किंवा हृदयातून पुढे जाणारे रक्त घटले आहे, अशी शंका घेऊन तत्काळ तपासतात.