एक तरी आकडा छातीठोक सांगता यावा

अनेक आशीर्वाद.

बी.एस्सी.ला पर्यावरणशास्त्र घेतल्याचं तुझ्या बाबांकडून कळलं. पाठोपाठ त्यांचा खरा प्रश्नही आला, "पण पुढं काय?" फोनवर मी त्यांना धीर देण्यापुरतं बोललो. तुला जरा सविस्तर लिहितो.

बारावीला ईव्हीएसचं, म्हणजे पर्यावरण विषयाचं, जर्नल तू मैत्रिणीचं बघून एका रात्रीत उतरवलं असशील. सगळेच उतरवतात. सर्वोच्च न्यायालयानं १९९१ साली वकील एम. सी. मेहतांच्या याचिकेवर हा विषय सगळ्यांना शिकवायला सांगितला, आणि आपण त्याची 'झाडे लावा'छाप वही करून टाकली. पदवीचा अभ्यास म्हणजे ती वही नव्हे. त्यात रसायनशास्त्र आहे, जीवशास्त्र आहे, संख्याशास्त्र, भूगोल, कायदा, थोडं समाजशास्त्रही आहे. मेखही इथंच आहे. तीन वर्षांत सगळ्यातलं थोडं थोडं कानावरून जातं आणि "तुला नक्की काय येतं?" या प्रश्नावर मुलं गप्प होतात. आमच्याकडे मुलाखतीला येणारी मुलं हवामानबदलावर दहा मिनिटं न थांबता बोलतात. नदीच्या पाण्याचा नमुना कसा घेशील विचारलं, तर म्हणतात, "बाटली भरायची, सर."

म्हणून माझा आग्रह एवढाच, की पहिल्या वर्षातच एखादं मोजमाप हातात पक्कं बसव. मग त्यातून निघालेला आकडा पुढं कुठं कुठं जातो, त्याच्या मागं मागं जा. अर्धा अभ्यासक्रम त्या वाटेवर आपोआप भेटेल.

पाण्यात विरघळलेला ऑक्सिजनच घे. प्रॅक्टिकलच्या पुस्तकात तो मोजायची विंकलरची पद्धत दीड-दोन पानांत उरकलेली असेल. खरं काम नदीच्या काठावर असतं. ३०० मिलीची बीओडी बाटली (बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू जेवढा ऑक्सिजन खातात त्याचं माप) सावकाश, पाणी न खळबळवता भरायची. आत एकही बुडबुडा राहता कामा नये, नाहीतर तू हवेतला ऑक्सिजन मोजशील. तिथल्या तिथं मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड पिपेटनं सोडायचं, बूच लावायचं, बाटली खाली-वर करायची. तपकिरी साका बसायला लागला म्हणजे पाण्यात ऑक्सिजन आहे. साका पांढराच राहिला तर समज, या पाण्यात आत्ता मासा जगणार नाही. लॅबमध्ये सल्फ्युरिक आम्ल घातलं की साका विरघळतो. मग थायोसल्फेटचं टायट्रेशन करायचं. रंग फिकट पिवळा झाला की स्टार्च घालायचा आणि निळा रंग ज्या थेंबाला उडतो तिथं थांबायचं. २०० मिली नमुना आणि ०.०२५ नॉर्मल थायोसल्फेट असेल तर ब्युरेटवर जितके मिली, तितकेच लिटरला मिलीग्रॅम. हिशेबसुद्धा करावा लागत नाही. आता मीटर आलेत, दोन मिनिटांत आकडा दाखवतात, मान्य. पण मीटर कधी बिघडलाय हे ओळखायचं तर विंकलर यावंच लागतं.

आता त्या बाटलीवर वेळ लिही. ही गोष्ट फार थोडे जण लिहितात. तुमच्या शिरोळ तालुक्यात तेरवाडच्या बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या तू लहानपणापासून वाचत आली आहेस. अशा साचलेल्या, शेवाळ धरलेल्या पाण्यात दुपारी तीनला ऑक्सिजन भरपूर दिसू शकतो, कारण उन्हात शेवाळ तो तयार करत असतं. रात्री तेच शेवाळ आणि सांडपाण्यावर पोसलेले जिवाणू मिळून तो संपवतात आणि पहाटे तो तळ गाठतो. दुपारचा नमुना घेऊन 'पाणी ठीक आहे' असा अहवाल देणाऱ्याला खोटं ठरवता येत नाही. मासे मात्र मेलेले असतात. म्हणून माझ्या दृष्टीनं वेळ न लिहिलेला आकडा अर्धाच.

बीओडीचंही तसंच. इंग्रजी पाठ्यपुस्तकात तो मोजायला नमुना पाच दिवस २० अंशांवर ठेवतात, आपल्या भारतीय मानकांत तीन दिवस २७ अंशांवर. दोन्ही आकडे शेजारी ठेवून तुलना करणारे प्रबंध मी पाहिलेत. आंघोळीच्या पाण्याच्या निकषात ऑक्सिजन लिटरला किमान ५ मिलीग्रॅम आणि बीओडी ३ च्या आत लागतो, एवढं पाठ कर. बाकीचे निकष कुठं सापडतात ते माहीत असलं तरी पुरे.

कायद्याचा पेपर मुलांना रटाळ वाटतो. १९७४चा जलप्रदूषण कायदा, १९८१चा हवेचा, भोपाळच्या वायुगळतीनंतरचा १९८६चा पर्यावरण संरक्षणाचा, २०१०चा हरित न्यायाधिकरणाचा, अशी सनावळी पाठ करून पेपर सुटतो. तू एक कर, १९७४च्या कायद्याचं कलम २१ मूळातून वाच. कारखान्याच्या सांडपाण्याचा नमुना अधिकाऱ्यानं कसा घ्यायचा ते त्यात आहे. कारखानदाराला तिथल्या तिथं नोटीस द्यायची, त्याच्यासमोर नमुन्याचे दोन भाग करायचे, सील लावायचं, दोघांनी सह्या करायच्या. ही रीत पाळली नसेल तर त्या नमुन्याचा निकाल कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. टायट्रेशन कितीही अचूक असो! ते कलम वाचलंस की रसायनशास्त्र आणि कायदा हे दोन पेपर का आहेत हे कुणी सांगायची गरज उरणार नाही.

तिथून आकडा अहवालात जातो. २००६च्या अधिसूचनेप्रमाणे मोठ्या प्रकल्पाला पर्यावरणीय आघाताचा अहवाल लागतो. त्याचा मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्हा परिषदेत लोकांना बघायला ठेवावा लागतो आणि जनसुनावणीआधी किमान ३० दिवसांची सूचना द्यावी लागते. हे अहवाल सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर सापडतात. दर महिन्याला एक तरी वाच, आणि वाचताना शंकेखोर हो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात रशियातल्या खाणीच्या अहवालातला मजकूर जसाच्या तसा उतरवलेला निघाला होता. कोकणातले पक्षी स्प्रूस आणि बर्चच्या जंगलात राहतात असं त्यात लिहिलं होतं. (बारावीच्या जर्नलची सवय लवकर सुटत नाही, ती अशी.) जमलं तर एखादी जनसुनावणी मागच्या खुर्चीत बसून पूर्ण ऐक. 'पीएम टेन (हवेतले बारीक धूलिकण) मर्यादेत आहे' या वाक्यावर एखादी बाई उठून विचारते, "मग आमच्या भाजीवर रोज राख कुठनं येती?" तेव्हा स्टेजवरच्या तज्ज्ञाकडे बघ. त्या बाईला तिच्या भाषेत नीट उत्तर देता येणारा माणूस आमच्या धंद्यात दुर्मीळ आहे. तुझं मराठी चांगलं आहे, ते इंग्रजीपुढं लपवू नकोस.

आता बाबांच्या काळजीचं. सुरुवातीचा पगार कमीच असतो, त्याची मनाची तयारी ठेव. कामं आहेत, ती सल्लागार संस्थांत, लॅबमध्ये, कारखान्यांच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रांत, मोठ्या कंपन्यांचे पर्यावरण अहवाल लिहिण्यात. सुट्टीत वाघ मोजायच्या शिबिराला सगळेच धावतात. तू एखाद्या साखर कारखान्याच्या ईटीपीवर, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्रावर, महिनाभर उभी राहा. वास येतो, पण शिकायला तिथंच मिळतं.

मायनर, म्हणजे मुख्य विषयाच्या जोडीचा, विषय निवडताना फार जपून. भारतीय वन सेवेच्या परीक्षेला पदवीत वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायन, भूविज्ञान, भौतिक, गणित, संख्याशास्त्र किंवा पशुवैद्यक यांपैकी एखादा विषय लागतो, नाहीतर कृषी, वनशास्त्र किंवा अभियांत्रिकीची पदवी. नुसतं 'पर्यावरणशास्त्र' त्या यादीत नाही, आणि हे मुलांना फॉर्म भरताना कळतं. आज तुला वनाधिकारी व्हायचं नसेल, उद्या वाटेल. रसायनशास्त्र घे, दार उघडं राहील. प्राध्यापकी किंवा संशोधन करायचं झालं तर नेट परीक्षेला पर्यावरणशास्त्र आहे, आणि २०२१ पासून गेट परीक्षेलाही त्याचा पेपर आहे.

कॉम्प्युटरवर क्यूजीआयएस हे नकाशे करायचं सॉफ्टवेअर शिक, फुकट आहे. क्लास लावू नकोस, तुमच्याच गावाचा नकाशा कर. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांना पुराची धोका पातळी, २०१९च्या महापुरात पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. तुमच्या गावात पाणी कुठल्या घराच्या कितव्या पायरीपर्यंत आलं होतं हे लोकांना अजून तोंडपाठ आहे. त्या खुणा विचारून नकाशावर मांड. तिसऱ्या वर्षाच्या प्रकल्पाला लोक विषय शोधत फिरतात, तुझा अंगणात पडलाय.

मायनरचा फॉर्म भरायच्या आधी कॉलेजातल्या विषयांची यादी व्हॉट्सअॅपवर पाठव. आणि नमुने घ्यायला एकटी जाऊ नकोस, बंधाऱ्याखालचे दगड शेवाळानं निसरडे असतात. एखादी मैत्रीण बरोबर ने, बाटलीवर दोघींच्या सह्या तरी होतील.

तुझा,
काका