लोमा लिंडात फार्मडी : कामठी रोडच्या मुलीला उत्तर

तू तीन गोष्टी विचारल्यास. बी.फार्म.चं शेवटचं वर्ष चालू आहे, तर अमेरिकेत फार्मडीला, म्हणजे डॉक्टर ऑफ फार्मसीच्या कोर्सला, अर्ज करावा का? कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडासारख्या ख्रिश्चन विद्यापीठात आपल्यासारख्यांना घेतात का? आणि तिसरी आईनं विचारायला लावलेली, "तिथं धर्म बदलायला लावतात का?" काकूंचंच आधी घेते. माझ्या आईनंही हेच विचारलं होतं, बर्डीवरून साडी घेऊन येताना, ऑटोत, ऑटोवाल्यालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

नाही लावत. काकूंना म्हण, आपलं नागपूरचं हिस्लॉप कॉलेज १८८३ पासून आहे, स्कॉटिश मिशनऱ्यांनी काढलेलं. कित्येकांचे आजोबा तिथं शिकले आणि पेपर सोपा जावा म्हणून सकाळी टेकडी गणपतीला जाऊन आले. लोमा लिंडात मी चार वर्षं काढली, माझ्या खोलीत गणपती होता, कुणी काही बोललं नाही.

पण तिथले नियम खरे आहेत, शोभेचे नाहीत. हे विद्यापीठ सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथाचं, १९०५ सालचं. फार्मसी मात्र २००२ ला सुरू झाली. या लोकांचा विश्रांतीचा दिवस शनिवार. शुक्रवारी सूर्य मावळला की शनिवारी मावळेपर्यंत वर्ग नाही, लायब्ररी नाही. सोमवारी परीक्षा असली की पहिल्या वर्षी जीव वर-खाली व्हायचा. दुसऱ्या वर्षी कळलं की आठवड्यातून एक दिवस पुस्तक मिटायला लावणारे लोक आपले शत्रू नाहीत. आठवड्याला एक चॅपल, म्हणजे प्रार्थनासभा, असतं आणि धर्माचे काही कोर्स सगळ्यांनाच घ्यावे लागतात. त्यातल्या एकात मरणाऱ्या पेशंटशी कसं बोलायचं यावर जे शिकले, ते आज हॉस्पिटलात रोज कामी येतं. कॅम्पसवर दारू-सिगारेट चालत नाही. आणि गंमत ऐक. निघताना आजीला एकच काळजी, "पोरगी त्यांच्यात काय खाईन बाप्पा?" तर कॅन्टीन पूर्ण शाकाहारी निघालं! दर रविवारी सावजी चापणारी मी, तिथं जाऊन डाळीच्या कटलेटांवर आले.

हे लोमा लिंडाचं झालं. सगळी ख्रिश्चन विद्यापीठं एका साच्यातली नाहीत. काही ठिकाणी कुठल्याही धर्माची मुलं चालतात, फक्त वागणुकीचे नियम पाळायचे. काही ठिकाणी येशूवरच्या श्रद्धेबद्दल स्वतःच्या शब्दांत लिहून मागतात, पाद्र्याचं शिफारसपत्रही लागतं. फार्मकॅसवर, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक अर्जावर, पैसे भरण्याआधी त्या त्या विद्यापीठाचं श्रद्धेचं निवेदन शेवटच्या ओळीपर्यंत वाच. जे मानत नाहीस त्याखाली सही करू नको.

आता खरी काळजी करायची ती गोष्ट. तुझ्या बी.फार्म.वर अमेरिकेत फार्मासिस्टचं लायसन्स मिळत नाही. परदेशी पदवीधरांसाठी एफपीजीईई परीक्षा आहे, पण १ जानेवारी २००३ नंतर पदवी घेतली असेल तर तो फार्मसीचा कोर्स निदान पाच वर्षांचा हवा. आपला चार वर्षांचा. वरून एम.फार्म. केलं तरी ते वर्ष त्यात मोजत नाहीत. इथं येऊन फार्मास्युटिक्समध्ये एम.एस. केलं तर कंपनीत नोकरी लागू शकते, लायसन्स नाही. कन्सल्टन्सीवाले हे सांगत नाहीत. माझ्या बॅचच्या दोघांना एम.एस.च्या दुसऱ्या सेमिस्टरला कळलं. घरात कुणी बारावीचं असेल तर त्याला आपल्याकडचा सहा वर्षांचा फार्मडी दाखव, २००८ पासून आहे, आणि त्यावर एफपीजीईईला बसता येतं. तुला मात्र इथं फार्मडीच करावा लागेल, बहुतेक ठिकाणी चार वर्षांचा, पहिल्यापासून. कॉलेज एसीपीईची, म्हणजे इथल्या फार्मसी कोर्सना मान्यता देणाऱ्या संस्थेची, मान्यता असलेलंच घे, त्यात तडजोड नको.

पीकॅट नावाच्या प्रवेश परीक्षेसाठी मी जुनी पुस्तकं गोळा केली होती. ती परीक्षा जानेवारी २०२४ नंतर बंद झाली, तेवढं तुझं वाचलं. टोफेल ही इंग्रजीची परीक्षा द्यावी लागेल. तुझ्या मार्कशीटचं मूल्यांकन डब्ल्यूईएससारख्या संस्थेकडून होईल, आणि तिथं एक विचित्र गोष्ट दिसेल. ऑरगॅनिक, बायोकेमिस्ट्री, ॲनाटॉमी सगळं भरपूर, पण भाषण कला, इंग्रजी निबंधलेखन, मानसशास्त्र असल्या विषयांची जागा रिकामी. आपल्या बी.फार्म.मध्ये हे जवळपास नसतंच. कुठले विषय भरून काढायचे आणि ऑनलाइन केलेले चालतील का, हे प्रत्येक कॉलेजला ईमेलवर विचार. फोनवरचं उत्तर धरू नको. ट्रान्सक्रिप्टचा अर्ज निकालाची वाट न पाहता टाकून ठेव, अंतिम वर्षाचं नंतर जोडता येतं.

मुलाखतीत मला विचारलं, "तू ख्रिश्चन नाहीस, मग आमच्याकडे का?" मी पाठ केलेलं सगळं विसरले. मग सांगितलं की एनएसएसमधून दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला प्रथमोपचाराच्या स्टॉलवर उभी राहायचे, रात्रभर ओआरएस कालवायचे, आणि बाबांच्या मेडिकलमध्ये उधारीची वही लिहायचे. कुणाकडे पैसे मागायचे नाहीत हे त्या वहीतूनच शिकले. त्यांना 'सेवा' हा शब्द आवडतो, पण त्यामागे तुझं स्वतःचं काही तरी हवं. ओळखीच्या मोठ्या माणसाचं शिफारसपत्र आणू नको. ज्या सरांनी तुला प्रॅक्टिकलमध्ये चुकताना पाहिलंय त्यांचं आण.

लसींचे कागद जमव: गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, हिपॅटायटिस बी. टीबीच्या बाबतीत माझी फजिती झाली. हातावरची चाचणी करून घेतली, दुसऱ्या दिवशी हात टम्म. आपल्याला लहानपणी बीसीजी दिलेली असते, त्यामुळे ती खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. एक्स-रे निघेपर्यंत सगळे हॉस्पिटलात आणि मी खोलीवर. तू रक्तावरची आयजीआरए चाचणी माग.

पैशांचं गोड बोलत नाही. खासगी कॉलेजची वर्षाची फी ४०,००० डॉलरच्या पुढे सहज जाते, राहणं-खाणं वेगळं, आणि इथल्या सरकारचं विद्यार्थी कर्ज आपल्याला मिळत नाही. आय-२० साठी, म्हणजे व्हिसाकरता विद्यापीठ देतं त्या कागदासाठी, पहिल्या वर्षाचे पैसे दाखवावे लागतात, पण हिशेब चारही वर्षांचा मांड. सेव्हिसचे, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचे, ३५० डॉलर आणि व्हिसाची फी वेगळी. व्हिसाची मुलाखत मुंबईला बीकेसीत असते. आदल्या दिवशीच मुंबई गाठ, त्याच सकाळी पोचणाऱ्या गाडीच्या भरवशावर राहू नको.

पदवीनंतर ओपीटीचे, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच काम करायच्या परवानगीचे, १२ महिने मिळतात. इंजिनियरांना मिळणारी २४ महिन्यांची मुदतवाढ फार्मडीला नाही. आणि नाप्लेक्स ही लायसन्सची परीक्षा, कॅलिफोर्नियात राहिलीस तर तिथली फार्मसी कायद्याची परीक्षा, या त्याच १२ महिन्यांत आटपायच्या. निकालाची वाट पाहण्यातही तेच दिवस जातात. लायसन्स देणाऱ्या बोर्डाचे कागद पदवीआधीच लावून ठेव. औषधदुकानांतली नोकरी पूर्वीसारखी राहिली नाही. मोठ्या साखळ्यांचंच बघ: वॉलग्रीन्सनं ऑक्टोबर २०२४ मध्ये १,२०० दुकानं बंद करायचं जाहीर केलं, राइट एड २०२५ मध्ये पूर्ण बंदच झालं. म्हणून मी हॉस्पिटलची रेसिडेन्सी, म्हणजे पदवीनंतरचं प्रशिक्षण, धरली. कर्जासाठी घर गहाण टाकावं लागणार असेल, तर मी तुझ्या जागी असते तर एक वर्ष थांबले असते.

हवा मात्र तुला परकी वाटणार नाही. उन्हाळ्यात कोरडी आग, आणि शेजारच्या रेडलँड्समध्ये संत्र्यांच्या बागा. फक्त ती नेव्हल जातीची, साल आपल्या संत्र्यासारखी सहज सुटत नाही.

तो शनिवार माझ्या अंगवळणी पडलाय. सूर्य मावळला की मी फोन सुरू करते. तुमच्याकडे तेव्हा रविवारची सकाळ असते. आठ-साडेआठला लाव, आणि काकूंनाही शेजारी बसव.