ऐरोलीत नोकरी, चार वर्षांचा अनुभव. आय-ट्रिपल-ई (IEEE) या इंजिनिअरांच्या जागतिक संस्थेच्या स्वयंसेवी कामात पुढाकार घ्यायचा तर सुरुवात कुठून करावी?

पदापासून करू नका, कामापासून करा. तुम्ही संस्थेच्या बॉम्बे सेक्शनमध्ये, म्हणजे इथल्या विभागीय शाखेत येता. पहिली पदवी मिळून १५ वर्षं झाली नसतील, तर सभासद म्हणून तुम्ही आपोआप 'यंग प्रोफेशनल्स' या तरुण सभासदांच्या गटात गणले जाता. तिथल्या समितीला आजच मेल करा आणि एक ठरावीक काम मागून घ्या.

माझा सल्ला, कार्यक्रमानंतरचा अहवाल लिहिण्याचं काम मागा. ते सहसा कुणाला नको असतं, पण चॅप्टर, म्हणजे सेक्शनमधला एकेका तांत्रिक विषयाचा गट, टिकतो तो त्याच्यावरच. वर्षाला निदान दोन तांत्रिक सभा घेऊन त्यांची नोंद 'व्हीटूल्स' या संस्थेच्या ऑनलाइन प्रणालीवर करावी लागते. ती वेळेवर करणारा माणूस सगळ्यांच्या लक्षात राहतो. मीही असाच आत आलो. सचिवपदाबद्दल विचारणा नंतर झाली.

ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने आणि इंजिनिअरिंग कॉलेजं दोन्ही हाताशी आहेत. कॉलेजमधल्या आय-ट्रिपल-ईच्या स्टुडंट ब्रँचसाठी (विद्यार्थी शाखेसाठी) तुमच्या प्लांटची भेट जमवून द्या, मुलं फार मनापासून येतात. सेफ्टी विभागाची परवानगी मात्र आधी लेखी घ्या.

महिन्याचे दोन शनिवार तरी जातील, घरी आधीच सांगून ठेवा.